वळणातलं तेल

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहाच्या मागल्या गल्लीत,
जिथे दुपारी पान्याला हात लावायचा
तर आधी चिंधी गुंडाळावी लागते,
आम्ही एक गाडी बांधली.
आम्ही म्हणजे मी, उद्यमनगरात लेथवर वाढलेला,
परकार, वेल्डिंगची काच वर केली की आधी दाढी चाचपणारा,
शाजी वायरिंगवाला,
आणि पंक्चरच्या दुकानातला निजाम,
ज्याला कुणी बोलावलं नव्हतं.

इंजिन आलं सजाच्या भंगारातून.
सहाशे सीसी, चार सिलिंडर, एका अंगाने खरचटलेलं.
बाईक कुणाची, कशी पडली, विचारलं नाही.
साडेअकराशे दिरहम. परकारने नऊशेवर आणलं,
वाचलेल्या अडीचशेत जेवू म्हणाला,
ते सगळे बेरिंगांत गेले.

आराखडा फरशीवर, खडूने, खऱ्या मापाचा.
रात्री कुणी झाडू मारला
तर सकाळी पुढचं चाक नाहीसं.

बायकोने व्हिडिओवर विचारलं, हा पिंजरा कसला?
म्हटलं, ऑर्डर आहे.
किती मिळणार?
मी मोबाइल फिरवून तिला शाजीची मांजर दाखवली.

चालवायची कुणी, हे बोलणं झालंच नाही.
मीच, असं मी धरून चाललो होतो.
शेवटी तांबं मोजायच्या काट्यावर एकेक जण चढला.
मी अठ्ठ्याऐंशी. परकार एक्क्याण्णव, चपला काढूनही.
निजाम एक्कावन्न.
तो काटा रोज गिऱ्हाइकांशी खोटं बोलतो,
माझ्याशी नेमकं खरं बोलला.

पहिला शुक्रवार. रिकामं ट्रकतळ,
जुने टायर मांडून आखलेला रस्ता.
सरळ रस्त्याला ती अशी सुटली
की आमच्या तोंडात वाळू आणि शिव्या एकदमच.
मग उजवं, लांबलचक वळण.
अर्ध्यावर आवाज कोरडा झाला.
कोरडाच म्हणतो, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.
आणि नंतर नुसती टायरांची घसट.

रात्री तिचं पोट उघडलं.
बेरिंगा निळ्या पडलेल्या.
तेल होतं की. भरपूर होतं.
नको तिथे होतं.

बाईक वळताना झुकते,
तेलाला वाटतं आपण सरळच उभे आहोत.
गाडी झुकत नाही. ताठ वळते,
आणि तेल बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतं,
पंप कोरडं तोंड उघडून बसतो.
चूक कुणाची म्हणायची?
त्या इंजिनाला आयुष्यात कधी
ताठ राहून वळावंच लागलं नव्हतं.

परकार बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, पत्रा काप.

तेलाच्या तळात आम्ही भिंती घातल्या,
भिंतींना चिमुकल्या झडपा,
आत येऊ देणाऱ्या, बाहेर जाऊ न देणाऱ्या.
व्हिसासारख्या, शाजी म्हणाला.
निजाम सगळ्यांत उशिरा हसला.

दुसरं इंजिन म्हणजे आणखी तीन पगार.
माझ्या वाट्याचे पैसे
घरच्या हिशेबात दाढेच्या खर्चाखाली आहेत.
आई अजून विचारते, ठणका थांबला का?

परवा ते वळण त्याने पुरतं घेतलं.
आवाज ओला, भरलेला, शेवटच्या टायरापर्यंत.
मी कडेला उभा राहून पाहिलं,
गाडी सुतभरही झुकली नाही,
आत निजामची मान मात्र
सायकलवरच्या पोरासारखी पूर्ण कलंडलेली.

थांबला तो पार पुढे, भिंतीला नाक लावून.
आणि बाईकच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो,
हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही
वर्षभरात डोक्यात आलं नव्हतं.
तो आत बसून सांगत राहिला,
डावीकडे उस्ताद, थोडं अजून डावीकडे.
मी ढकलत राहिलो.
मागे न्यायला
अठ्ठ्याऐंशी किलो बरे पडतात.