तलवारीतला बाण

रात्रीचे दोन चाळीस. डिचोलीच्या बाजारात
नरकासुर उभा, पाठीला बांबूंचा टेकू,
पोटात गवत, वर कागदाचे सात थर.
डोळे ठीक आहेत, बाईकचे इंडिकेटर, लुकलुकतात.
तलवार मात्र मुठीपासून साडेचार फूट पेटते
आणि पुढे काळोख.

तीन वाजता परीक्षक.

उतरवली तिला. दुकानाच्या शटरसमोर
वर्तमानपत्रावर आडवी घातली.
भोवती सोळा पोरं, सोळा मतं.
"बॅटरी गेली," चंद्रू म्हणाला.
मीटर लावला. पाच पूर्णांक एक. ठणठणीत.
"मग वायर तुटली."
टोकाला लावला. चार पूर्णांक नऊ.
वीज पोचते आहे टोकापर्यंत,
पोचून गप्प बसते आहे.
"चायनाचा माल," मी म्हणालो,
आणि बरं वाटलं म्हणून पुन्हा एकदा म्हणालो.

साडेचार फुटांचीच होती ती आधी.
पलीकडच्या वाड्यावरच्याची नऊ फुटी आहे कळलं
तेव्हा काल संध्याकाळी घाईघाईने
मीच दुसरा तुकडा जोडला,
ग्लूगनने वरून शिवून टाकला.
हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

ब्लेडने गोंद कापत गेलो, इंच इंच.
इनासने नाताळच्या ताऱ्यासाठी जपलेली
बारीक टोकाची सोल्डरगन आणली,
वर टॉर्चही धरला, एक शब्द न बोलता,
त्याच्या हाताला मुंग्या आल्या असतील.

चंद्रूची बहीण उर्वी, अकरा वर्षांची,
झोप डोळ्यांत, नाक पट्टीला टेकवून म्हणाली,
"काका, हे बाण खंय चल्ले?"

कुठले बाण?

तांदळाच्या कण्याएवढे, पांढऱ्या पट्टीवर छापलेले.
पहिल्या तुकड्यातले टोकाकडे निघालेले,
दुसऱ्यातले सगळे
परत मुठीकडे.

दिवा एवढंच करतो :
कानाने ऐकतो, आपल्यापुरतं ठेवतो,
उरलेलं तोंडाने पुढच्याला सांगतो.
सांध्यावर मी तोंडाला तोंड जोडलं होतं.
दोघेही बोलणारे. ऐकायला कुणी नाही.
आमच्या मंडळाची बैठक अशीच असते.

"कोणी जोडला हा तुकडा?" चंद्रूने विचारलं.
सोल्डरच्या धुरात मी खोकलो, बराच वेळ.

मग तीन वायरी सोडवल्या, लाल, काळी, हिरवी,
टोकाकडच्या दोनही,
तुकडा फिरवला, पुन्हा जोडला,
अंगठा भाजला, तिकडे बघायला वेळ नव्हता.
बटण.
मुठीतून निळं निघालं, सांध्यापाशी आलं,
थांबेल असं वाटलं, नाही थांबलं,
सरसरत टोकापर्यंत गेलं आणि उर्वीच्या दातांवर चमकलं.
ढोलवाला नुसताच एकदा थाप मारून गेला.

परीक्षक आले तीन पन्नासला.
बघितले डोळे. बघितली जीभ.
एकाने विचारलं, गवत कुठलं?
तलवारीखालून वाकून निघून गेले.

पहाटे कृष्ण आला, सायकलवरून, आईच्या मागे बसून,
निळा रंग मानेपाशी ओघळलेला.
जाळायच्या आधी शिडी लावून मी वर चढलो,
लिथियमच्या बॅटऱ्या आगीत ठेवता येत नाहीत.
मूठ उघडून दोन्ही काढल्या, खिशात घातल्या,
अजून कोमट होत्या.
पट्टीही ओढून काढावी असं मनात आलं,
पण खाली सगळे वर बघत होते.
प्लास्टिकचा वास दूरपर्यंत आला.

घरी तुळशीपुढे कारीट फोडलं, कडू थेंब जिभेला लावला.
आईने डोक्यावर तेल थापलं, ओघळ अंगठ्यावर उतरला,
तेव्हा कळलं किती भाजलंय.
"कशाने?" ती म्हणाली.
"उलटं जोडलं होतं," मी म्हणालो. "मीच."

पाच प्रकारचे फोव होते. गुळाचे आधी संपवले.
मग दुकानात जाऊन नव्या पट्टीच्या रिळावर
काळ्या मार्करने, बोटाएवढा जाड,
एक बाण काढला.
आणि खाली उर्वीचं नाव.