उजेड कुठून येतो

मंगळवारी रात्री नऊला खून होतो.
त्याआधी ऑन्नी चष्मा पुसून बसलेला असतो,
मांडीवर वही, कानाला पेन्सिल,
खुर्चीच्या हातावर अर्धी पेस्टी गार होत असते.
बाहेर सरोवरावरचा वारा
आमचा कचऱ्याचा डबा लोळवत लोळवत
पुन्हा बर्निसच्या दारात नेऊन सोडतो.

मला खुनी हवा असतो.
त्याला बॅटरी.

"ही बघ, चार सेलची, काळी, लांब मानेची.
मागच्या महिन्यात त्या दुसऱ्या मालिकेत हीच होती,
टकल्या फौजदाराच्या हातात.
कडेचा पोचा बघ. तोच."
कुठल्याशा एकाच गोदामातून भाड्याने जात असतील,
तो म्हणतो, या शहरातून त्या शहरात,
एका खुनातून दुसऱ्या खुनात,
आणि संध्याकाळी पुसून परत फळीवर.

कधी गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची असते.
गाड्या लांबलचक, कॉलर रुंद, फोनला वायर,
सगळं कसं जमवून आणलेलं,
आणि तळघराच्या पायऱ्या उतरताना बाईच्या हातात
निळसर पांढरा झोत!
"एलईडी!" ऑन्नी असा ओरडतो
की मांजर उठून स्वयंपाकघरात जातं.
"तेव्हा उजेड पिवळा होता गं, लोण्यासारखा,
आणि मधोमध काळा डाग!"
मग लिहितो: भाग सहा, एकोणिसावं मिनिट, चूक.
त्या रात्री त्याला झोप छान लागते.

मी विचारते, ही माणसं दिवा का लावत नाहीत?
भिंतीवर बटण आहे, मला इथून दिसतंय.
मेलेल्याने काय वीजबिल थकवलं होतं?
तो म्हणतो, दिवा लावला तर
नुसती खोली दिसेल.

वहीत चारशे बारा नोंदी झाल्यात.
सेल किती, काच केवढी,
खांद्यावर धरली की पिस्तुलाखाली, मनगटावर मनगट.
मेलेल्यांची नावं एकाही पानावर नाहीत.

एकदाच, जाहिराती चालू असताना, म्हणाला,
"धूर सोडतात खोलीत. म्हणून झोत दिसतो,
असा काठीसारखा.
खऱ्या जंगलात झोत दिसत नाही.
ज्यावर पडतो, तेवढंच दिसतं."
आणि आवाज वाढवला, जाहिरातीचाच,
गालिचे निम्म्या किमतीत.

एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचे दिवस,
रे लाम्पी तीन रात्री घरी आला नव्हता.
धक्क्यावरची राखण संपवून ऑन्नी
शोधायला गेलेल्यांत सामील झाला.
पहाटे आला. मोजे पिळून स्टोव्हवर वाळत घातले.
मी काही विचारायच्या आत म्हणाला,
"बॅटरीने चांगली साथ दिली."
दुपारी रेच्या बायकोकडून मला कळलं
कुणाला सापडला ते.
काय सापडलं, ते मी तिलाही विचारलं नाही.

आज पडद्यावर एक धान्याचं कोठार.
दार करकरतं, संगीत खाली जातं,
आणि झोत सरकू लागतो,
दोरखंड, बादली, गवत, गवतातला बूट.
माझा जीव त्या टोकाला टांगलेला.
शेजारी बघते तर ऑन्नीची नजर
पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात,
जिथे मूठ आहे, मुठीत नळकांडं आहे,
जिथून उजेड निघतो तिथे.
बुटाकडे तो बघत नाही.
इतकी वर्षं शेजारी बसून
हे मला आज दिसलं.

"तीन सेलची," तो म्हणतो. "रबरी पकड."
"लिही," मी म्हणते. "पळेल नाहीतर."

खून दाताच्या डॉक्टरने केला होता.
मला आधीपासून वाटतच होतं.

त्याची स्वतःची बॅटरी उशाच्या खणात असते.
दर महिन्याच्या एक तारखेला सेल बदलतो,
भर दुपारी, खिडकीपाशी उभा राहून,
आणि लागते का ते बघायला
काचेवर तळहात ठेवतो, घट्ट,
की बोटांच्या कडा तेवढ्या लाल होतात
आणि उजेड पलीकडे कुठेच पडत नाही.