मांजर, तीन कॉलम

मी डिचोलीची वार्ताहर.
पगार नाही, छापून आलेल्या ओळींचे पैसे,
तेही महिना उलटल्यावर, तीनदा फोन केला तर.

यशोदाच्या विहिरीची बातमी मी चार वेळा पाठवली.
पहिल्यांदा जागा नव्हती.
दुसऱ्यांदा होती, तिथे कॅसिनोची जाहिरात आली.
तिसऱ्यांदा डेस्कवरचे रोहिदास म्हणाले,
बाई, खाणीच्या खंदकात पाणी उतरतं, विहिरी आटतात,
हे सगळ्यांना माहीत आहे.
बातमी म्हणजे माहीत नसलेलं.
चौथ्यांदा आली. चार ओळी, पान सात,
खाली, तारल्यांच्या भावाशेजारी.
तारल्यांचा भाव तेवढा सगळ्यांनी वाचला.

मग एका मंगळवारी, पोदेर नुकताच पों-पों करत गेला होता,
पिएदादचं माजर यशोदाच्या विहिरीत पडलं.
(आम्ही माजर म्हणतो, पेपरात मांजर छापतात.
अनुस्वार पणजीचा.)
पडलं ते धप्प करून.
डुबुक असा आवाज त्या विहिरीतून
दोन वर्षांत कोणी ऐकला नव्हता.

अग्निशमन दल वीस मिनिटांत.
शिडी, दोर, टोपली, हेल्मेटातला एक कोवळा पोरगा.
सरपंच आले. माजी सरपंच आले.
दोघांच्या मधे वॉर्ड चारचा पंच पुनाजी,
पाच वर्षांत तीन पॅनेलं फिरून आलेला.
मांजरीणही सात घरं फिरते,
पण तिच्या तोंडात निदान पिल्लू असतं.

सरपंच म्हणाले, मुक्या जिवांबाबत आमची भूमिका स्पष्ट आहे.
माजी सरपंच म्हणाले, मांजर पडेपर्यंत हे झोपले होते काय?
पुनाजीने दोन्हीकडे मान हलवली.
यशोदा म्हणाली,
मी रिकामी कळशी ओढत होते तेव्हा शिडी कुठे होती?
ते कोणी लिहून घेतलं नाही. मी सोडून.

फोटो छापला: दोर, पोरगा, टोपलीतून वर आलेले दोन कान,
आणि खोली दिसावी म्हणून
रोहिदासांनी न कापलेला खालचा भाग.
पहिलं पान. तीन कॉलम.

सकाळपासून फोन.
मडगावहून विचारलं, नाव काय त्याचं?
म्हापशाचा एक जण पाळायला तयार.
आमदारांचा पीए म्हणाला, साहेबांना एक फोटो हवाय,
मांजर गुरुवारी मोकळं आहे का?
फोंड्याच्या एका शिक्षिकेने मात्र विचारलं,
ते खाली तांबडं तांबडं काय आहे?
मी म्हटलं, तळ.
ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, बरं.

गुरुवारी आमदार आले नाहीत. मांजरही नव्हतं.

शनिवारी, वरच्या व्हिलांच्या तरणतलावाला निघालेला टँकर
वडाच्या वळणावर आला
आणि तेच काळंपांढरं, शेपूट उभारून, आडवं गेलं.
शाबलो ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, खाली उतरून थुंकला.
आधी दुसरं कोणीतरी जाऊ दे, म्हणाला.
दुसरं कोण जाणार?
त्या रस्त्याला दुपारचं कुत्रंही जात नाही.

यशोदाने कळशी आणली.
पिएदादने बादली, मग फेणीचा जुना कॅन,
मग सगळा वॉर्ड चार, पातेल्यांसकट.
शाबलो पाठ करून विडी ओढत होता.
नळ कोणी सोडला ते त्याला दिसलं नाही.
डोळे मिटून दूध पिणारं मांजर लहानपणापासून ऐकत आले,
डोळे मिटून पाणी पाजणारा माणूस
पहिल्यांदा बघितला.

तासाभराने एक स्कूटर गेली.
टँकर निघाला, चढावर बराच हलका.

ही बातमी मी पाठवली नाही.
पंधरा ओळी तरी झाल्या असत्या. गेले पैसे.
विहिरीच्या कठड्यावर बसून ते पंजा चाटत होतं,
मी मोबाइल काढला तशी
त्याने तोंड फिरवलं.