मान वळव, तांबोळी

तपकीर गल्लीतनं आणलेला लॅपटॉप.
झाकणावर आधीच्या मालकाचं अर्धं स्टिकर,
कुठल्याशा कंपनीची मालमत्ता, क्रमांक चारशे बारा.
पुसून कोरा केलाय बाई, म्हटलं,
आता यात कुणीच राहत नाही.
गुंजाळबाईंनी चष्मा पुसला.
"असं तुला वाटतं."

सहकारनगर, दुसरा मजला.
टेबलावर मेणकापड, मेणकापडावर काकड्यांची चित्रं.
मी पेनड्राइव्ह काढून घेतला
आणि यंत्र पहिल्यांदा आपलं आपण उठलं.

आधी विचारतं, तुम्ही कुठे आहात.
यादीत पुणं नाही.
कोलकाता दाबा, वेळ तीच.
त्यांना पटलं नाही, पण चाललं.
"आम्हालाही कधी कधी बारामतीचा माणूस
साताऱ्यावरून घ्यावा लागे."

मग कळफलक. ळ कुठंय ते त्यांनी आधी पाहिलं:
शिफ्ट धरून एन.
गुंजाळ, गुंजाळ, गुंजाळ,
तीनदा लिहिलं, एकही खोडलं नाही.

पडद्यावर परदेशातला कुठलासा डोंगर होता.
"खिडकीतून पर्वती दिसते मला. हा कशाला?
काळं कर."
केलं.

पाहुण्यांचं खातं बंद केलं. आपोआप आत शिरणं बंद.
ठिकाण सांगणं बंद.
कॅमेऱ्यावर चिकटवायला पट्टी त्यांनीच दिली,
पायाच्या कुरुपावर लावतात त्यातली, कातरून.
दोनशे सत्त्याऐंशी अपडेट ओळीनं उतरत होते
आणि खाली कुणीतरी स्कूटर तिरकी करून
किका मारत होतं.

फायरवॉल समजावताना मी नेहमी दाराचा दाखला देतो,
साखळी, वॉचमन, भिंगाचं भोक.
बाहेरून येणारे सगळे पोर्ट बंद, म्हटलं,
तुम्ही स्वतः मागाल तेवढंच आत.
त्या हसल्या. दार राहू दे, म्हणाल्या.

एकाहत्तर साल. कॅम्पातलं एक्स्चेंज.
समोर भोकांची भिंत, कानाला जड हेडफोन,
प्रत्येक भोकाखाली एक दिवा.
"दिवा लागला म्हणून लगेच दोरी खुपसायची नाही.
आधी विचारायचं, कोण, कुणाला.
कशाला, ते कधीच नाही."
तरी ऐकू यायचं.
मोडलेला साखरपुडा, भिवंडीला बदली,
एका डॉक्टरचं नुसतं रडणं,
पूर्ण तीन मिनिटं, पैसे भरून.
"सतरा वर्षं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही.
विचारायचे फार."

पासवर्डाची चौकट आली.
"मान वळव, तांबोळी."
वळवली.
भिंतीवर सहकारी बँकेचं कॅलेंडर, अजून मार्चच.
मागे एका बोटाचा आवाज, थांबत थांबत.
मी मोजत नव्हतो,
पण बावीस झाले.

विसरलात तर?
"विसरले तर गेलं."
पुतण्याचा नंबर देऊन ठेवू, अडीअडचणीला?
त्यांनी काकडीच्या चित्रावरचा चहाचा थेंब
बोटानं लांबवर ओढला.
"त्याचा दिवा लागू दे की.
दोरी माझ्याकडे."

जिन्यातच माझा फोन वाजला.
श्रीरंग, बाणेरहून. पैसे त्यानंच पाठवले होते.
काकूचा पासवर्ड तेवढा मेसेज करा ना,
वय झालंय तिचं, काळजी वाटते.
खरीच असेल. आवाजात होती.
खाली स्कूटर अजून सुरू होत नव्हती,
मालक टाकीला कान लावून उभा.

मला माहीत नाही, म्हटलं.
"अहो, तुमच्यासमोरच टाकला असेल ना?"
हो, समोरच.

बावीस हा आकडाही
सांगितला नाही.