मान फिरवणारी

अबेओकुटात, इटोकू बाजाराच्या कापडगल्लीच्या तोंडाशी
माझी पिवळी छत्री, एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या
आणि तळहाताएवढी बँक.
लोक कार्ड खुपसतात, मी नोटा मोजून देते.
पाच हजारांमागे शंभर नायरा माझे.

मधे चार-पाच सेकंद असतात.
त्यांची बोटं आकड्यांवर असताना
मी मान फिरवते.
समोर टायरवाल्याची भिंत आहे,
तिच्यावरची किती अक्षरं गळून पडलीत
ते मला झोपेतही सांगता येईल.

पण ऐकतं कोण!
"तूच दाब गं पोरी, सात, शून्य..."
भर रांगेत, मिरचीचा भाव पुकारावा तसं.
मी म्हणते, हळू.
मी म्हणते, स्वतः दाबा, दुसरा हात वर धरा.
मी म्हणते, न्हाणीचं दार असं सताड टाकता का कधी?
हसतात.
आणि हसून झालं की उरलेले दोन आकडे सांगतात.

सिकिरात अल्हाजा निळीच्या रांजणावरून उठून तशीच यायची.
कोपरापर्यंत निळी.
एकदा ती गेल्यावर बघते तर
यंत्राच्या चार बटणांवर चार निळे ठसे.
गुपित तिथे उन्हात वाळत पडलेलं,
लावायचा राहिला होता फक्त क्रम.
मी ओलं फडकं फिरवलं,
झोपलेल्या बाईचं सरकलेलं लुगडं
कुणी वाटेतून जाता जाता सारखं करावं तसं.
तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्या शुक्रवारी माझ्या यंत्राला रेंज नव्हती.
ती बँकेच्या भिंतीतल्या मशीनकडे गेली.
मागे एक पोरगा, इस्त्रीचा पांढरा शर्ट,
"मम्मा, उलटं घातलंत, द्या मी घालतो."
इतका गोड की तिने त्याला दुवा दिली.
पैसे काही निघाले नाहीत. त्याने कार्ड परत दिलं,
त्याच बँकेचं, त्याच रंगाचं.

माझ्या छत्रीखाली आली तेव्हा दम लागला होता.
"हे माझं नाही."
तिला नाव वाचता येत नाही. मी वाचलं,
कुणा गॉडविनचं होतं.
कसं कळलं, अल्हाजा?
तिने कार्डाची कड अंगठ्याने घासून दाखवली.
"माझं निळं पडलेलं होतं. हे बघ किती स्वच्छ आहे."

मग बँकेला फोन.
संगीत वाजलं. एक दाबा, दोन दाबा, पुन्हा संगीत.
तेवढ्यात तिच्या जुन्या फोनवर पहिला मेसेज, वीस हजार गेले.
दुसरा, आणखी वीस.
तिसऱ्याच्या आत एका झोपाळू आवाजाने
कार्ड बंद केल्याचं सांगितलं.
अल्हाजा खुर्चीत बसली,
मी दिलेली पाण्याची पिशवी न फोडता धरून.
चाळीस हजार म्हणजे किती कापड, ती बोटांवर मोजत होती,
आणि बोटं संपत होती.

बऱ्याच वेळाने म्हणाली,
"कापडाला जिथे गाठ घट्ट, तिथे नीळ शिरत नाही.
दोरा सैल राहिला की नीळ विचारत बसत नाही.
आयुष्यभर पोरींना हेच ओरडून सांगितलं
आणि स्वतःची गाठ
एका पांढऱ्या शर्टाच्या हाती दिली."

नवं कार्ड तीन आठवड्यांनी आलं.
पहिल्याच दिवशी तिने ते हातात घेऊन
मुद्दाम कोपऱ्यावर निळं बोट दाबलं,
वाळेपर्यंत थांबली.
आता बोटं पुसून येते. डावा पंजा यंत्रावर छपरासारखा धरते,
आणि दाबण्याआधी मागे वळून
अख्ख्या रांगेला खणखणीत आवाजात सांगते,
"माना फिरवा!"

आणि लोक फिरवतात, काय बिशाद!
मासळीवाली, मोटरसायकलवाले दोघे, शाळेतला मास्तर,
सगळे एकदम टायरवाल्याकडे बघतात.
तो बिचारा दर वेळी गोंधळतो,
हातातला पाना खाली ठेवतो
आणि शर्टाची बटणं नीट लागलीत का ते बघतो.