टवका

पोरगी येरेवानला डॉक्टरकी शिकते.
फोटो पाठवला: डोंगराच्या कुशीत मठ,
भिंतीला टेकलेले दगडी क्रूस,
जाळीत जाळी गुंतवून कोरलेले.

नागपूर, सत्तेचाळीस डिग्री.
मानकापूरच्या टिनाखाली
फिलोमिनाबाईंचं नाव अर्ध्यात सोडून
कुलरपुढे बसलो,
दोन बोटांनी दगड मोठा केला.

गोफाचा एक पेड धरून चाललो,
वर, खाली, पुन्हा वर,
अन् डाव्या कोपऱ्यात सापडलाच:
छन्नी घसरली होती गड्याची.
उडाल्या टवक्याचं त्यानं
द्राक्षाचं पान केलं.

आठशे हिवाळे
मठात कोणालाच कळलं नसेल बाप्पा.

तिला लिहिलं, फोटो मस्त. जेवत जा.

मग फिलोमिनाबाईंकडे वळलो.
त्यांच्या 'ल'चा टवका
कालच उडाला होता.