मार्जिन

ज्योकिनाच्या पोरीच्या पांढऱ्या गाऊनवर
रक्ताचा थेंब दिसला, तेव्हा कळलं
की सुई बोटात गेलीय.
बोटानं काही सांगितलंच नव्हतं.
मीठ, थुंकी, लिंबू करूनही पिवळट कड उरलीच,
तिच्यावर एक मोती टाचला, लग्न पार पडलं.
मोत्याखाली काय आहे ते मला ठाऊक,
आणि आता तुम्हाला.

मग मान.
मशीनवर वाकले की
मानेपासून माकडहाडापर्यंत वीज सरकायची,
कुणी पाठीची चेन सर्रकन ओढावी तशी.
एकवीस वर्षं माशेलच्या बाजारात
हीच मान वाकवून घर चालवलं.
म्हटलं, शिंपिणीची मान, दुखणारच.

बांबोळीला फिल्म उजेडाला धरून
डॉक्टर कुलासोंनी दाखवलं:
मेंदूत ठिकठिकाणी पांढरे ठिपके,
कापडावर खडूनं खुणा कराव्यात तसे.
पण या खुणा माझ्या हातच्या नव्हेत.
"नसांना आवरण असतं," त्या म्हणाल्या,
"तुमच्याच राखणदार पेशी ते कुरतडतायत."
म्हणजे अस्तर, मी म्हटलं.
अस्तरच, त्या म्हणाल्या.
वरचं कापड धड, आणि आतून उसवत चाललेलं.

मग हळूच, वजनकाट्याकडे न बघता विचारलं,
लहानपणी कशा होता?

बाराव्या वर्षी अडुसष्ट किलो.
वर्गात मला फणसबाय म्हणत.
गणवेशाचं कापड दीडपट लागे
आणि दुकानदार दर जूनला आईला विचारी,
एकाच पोरीचं?
शिवण मी त्या रागात शिकले.

चरबी गप्प बसत नाही, डॉक्टर म्हणाल्या,
रक्तातून निरोप धाडत राहते,
वर्षानुवर्षं धग विझू देत नाही,
आणि राखणदाराला मग कधी कधी
घरचाच माणूस चोर वाटतो.
सगळ्या जाड्या पोरींना होत नाही हे.
काटकुळ्यांनाही होतं.
वजनानं शक्यता वाढते, एवढंच.
हा "एवढंच" मी बसमधून घरी आणला,
पर्समध्ये, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी.

आईचा भाताचा डाव हवेत थांबला.
"म्हजेंच चुकलें काय गो?"

बाबा तारवावर. घरी यायचे ते टिनाटिनांनी,
लोणी, बिस्किटं, परदेशी चॉकलेटं.
आम्ही दोघी संध्याकाळी एक टिन उघडायचो
आणि बापाला संपवायचो.
पोदेराचे उंडे चार, त्यातले तीन माझे.
खा गो बाये, म्हणायची,
त्या घरात दुसरं म्हणण्यासारखं काय होतं?

तिला म्हणावंसं वाटलं, नाही.
म्हणावंसं वाटलं, हो, थोडं.
हुमण वाढ, म्हटलं.

मे महिन्यात वीज गेली, पंखा थांबला
की डाव्या डोळ्यावर दूध सांडतं.
गिऱ्हाईक म्हणतं, लाल नको, मरून दाखव.
माझ्या डाव्या डोळ्याला दोन्ही राखाडी.
वीज आली, अंग निवलं, की रंग परततात,
पण दर वेळी सगळेच परततात असं नाही.

बायका एक गोष्ट कधी विसरत नाहीत,
मार्जिन ठेव हां, पुढे जाडी झाले तर.
मी ठेवते. दीड इंच, आतून दुमडून.
वहीत चारशे बायांची मापं,
माझ्या नावाचं पान कोरं.

काल दुपारी टेप स्वतःभोवती गुंडाळली.
डाव्या कुशीला ती लागली की नाही कळेना,
आरशात बघून माप घेतलं.
छाती. कंबर. दंड.
पेन्सिलनं लिहिलं,
खाली सवयीनं लिहिलं, मार्जिन,
आणि किती ते लिहायचं राहिलं,
कारण ज्योकिना दारात उभी होती
पोरीचे तीन फ्रॉक घेऊन,
सैल करायचे होते,
सातवा लागलाय म्हणाली.